झाडावरची, खालची

फेब्रुवारीत बर्फ पडला त्या रविवारी सकाळीच काचघरातल्या आमच्या भागीदाराचा, अरुणचा फोन आला. रस्ते वाईट आहेत, त्यात कोविड, त्याच्या बायकोला, जयंतीला, दम्याचा त्रास, तेव्हा ते दोघं काही काचघराकडे येत नाहीत.

"नको येऊस," मी म्हटलं. "येऊन तरी काय करशील, फोटो काढशील."

तो खो खो हसला. त्याला वाटलं मी गंमत करतेय.

मी आणि राजानंद निघालो. राजानंद म्हणजे माझा नवरा. इथे नेदरलँड्समध्ये युट्रेख्टला विद्यापीठात मातीवर संशोधन करतो, बोलतो कमी. गाडी बांधाच्या अलीकडेच रुतली, मग उरलेलं अंतर पायी. वारा असा की डोळ्यांतून पाणी निघावं आणि गालावर गोठावं. काचघर गावाबाहेर, नदीच्या अंगाला. टेउन नावाच्या म्हाताऱ्याचं. त्याने आयुष्यभर त्यात टोमॅटो काढले, गुडघे गेले तसं बंद केलं. पहिल्या लॉकडाउनमध्ये, घरात बसून सगळ्यांची डोकी फिरली होती तेव्हा, आम्ही दोन घरांनी मिळून ते भाड्याने घेतलं. करार अरुणच्या नावावर, कारण टेउनशी डचमधून गप्पा मारणं त्याला जमायचं. भाडं निम्मं निम्मं. संत्री लावायची हे मात्र माझं डोकं. स्पेनहून क्लेमेंटाइनची झाडं आणली, कमरेएवढी. आपल्या संत्र्याचीच धाकटी बहीण ती. सोलायला सोपी, बी नाही. मी वरूडकडची. माझं सगळं लहानपण संत्र्याच्या झाडाखाली गेलं, या थंडीच्या देशात दुसरं काय लावणार होते मी?

काचेवर बर्फ वीतभर साचला होता. तो तसाच ठेवला तर वजनाने काच फुटणार. राजानंद शिडीवर, हातात लांब दांड्याचा झाडू. मी खालून शिडी धरलेली. तो ओढायचा तो बर्फ माझ्या मानेवर. तासाभराने माझी बोटं मला जाणवेनात. मग आत जाऊन झाडांना पाणी दिलं. टेउन दारात येऊन बघत राहिला.

"या थंडीत पाणी?" त्याने विचारलं.

"ओली माती ऊब धरते," मी म्हटलं. आमच्याकडे कडाक्याच्या थंडीत बागेला पाणी देतात आणि बांधावर धूर करतात. इथे धूर केला असता तर फायर ब्रिगेडच आली असती, म्हणून रॉकेलचे दोन स्टोव्ह लावले. बुंध्यांना गोणपाट गुंडाळलं, वरून पांढरं कापड टाकलं. नऊला संचारबंदी लागायची, त्याआधी घर गाठायचं. आठवडाभर आमचं हेच. सकाळी उजाडायच्या आत राजानंद जाऊन स्टोव्हमध्ये तेल भरायचा, दिवसभर आम्ही दोघं लॅपटॉपसमोर, चारला मी मीटिंग म्यूट करून गाडीत. माझं काम सॉफ्टवेअर टेस्टिंगचं. त्या आठवड्यात मी काय टेस्ट केलं ते त्या सॉफ्टवेअरलाच ठाऊक.

एक झाड गेलं नाही. एक!

शेवटच्या दिवशी अरुण आला, पातळ उन्हात. हात चोळत फिरला, स्टोव्हपाशी उभा राहिला. "ताई, तुम्हाला हे सगळं कसं काय येतं?"

माणूस आपला आहे असं वाटून मी सांगितलं. माझा बाप संत्र्याच्या मळ्यात कामाला होता. कलमाचे डोळे भरण्यापासून राखणीपर्यंत सगळं करायचा. मळा देशमुखांचा, घाम आमचा. मला त्याची लाज कधी वाटली नाही, आजही वाटत नाही. लाज वाटायची तर मळ्याच्या मालकाला वाटावी. अरुण ऐकत होता, "ग्रेट, ग्रेट" म्हणत होता. मी त्याला चहा ओतून दिला.

एप्रिलमध्ये बहार फुटला. आमच्याकडे पाणी तोडून झाडाला ताण देतात, मग सोडलं की फुलतं; इथे तो ताण थंडीनेच दिला होता. काचघराचं दार उघडलं की वास असा अंगावर यायचा की मी पहिल्या दिवशी दारातच बसले. राजानंदने विचारलं, "काय झालं?" मी म्हटलं, "काही नाही, बस तूपण." बसलो दोघं.

मग उन्हाळाभर खवले कीड. पानाच्या खाली चिकटून बसणारी, रस पिणारी, अंगावर ढाल घेतलेली हलकट जात. साबणाच्या पाण्यात जुने मोजे बुडवून एकेक पान पुसायचं. माझी पोरगी धम्मदीपा, सोळा वर्षांची, मराठी सगळं कळतं पण उत्तर इंग्रजीत. "आई, धिस इज इन्सेन," म्हणत पुसायची. पण पुसायची. काचेखाली तापमान इतकं चढायचं की साबणाचं पाणी कोपरापर्यंत वाळून कातडं ओढायचं. कलमाच्या खालून फुटणारे पानसोट, नुसता रस खाणारे कोंब, मी दर आठवड्याला खुडायचे. राजानंदची वाकून वाकून कंबर धरली, ती आजतागायत.

अरुण-जयंती यायचे शनिवारी. घडीच्या खुर्च्या, बार्बेक्यू, एक छत्री. दारावर त्याने लाकडी पाटी ठोकली, 'अरुण्स ऑरेंजरी'. वर स्वतः रंगवलेलं संत्रं, ते टोमॅटोसारखं दिसत होतं.

"आपल्या दोघांचं नाव नको का त्यावर?" मी विचारलं.

"अहो ताई, ते नुसतं अ-ऑ जुळतं म्हणून. छान वाटतं ऐकायला."

राजानंद म्हणाला, "सोड, पाटीने काय होतं." मी सोडलं. आयत्या बिळावर नागोबा बसतो तेव्हा आधी तो पाटीच लावतो, हे मला तेव्हा कळायला हवं होतं.

दिवाळीच्या सुमारास फळांवर रंग चढला. बाहेर कोरोना पुन्हा वर निघाला होता, घरात माणसं जमवायची भीती. म्हणून अरुणने दिवाळीनंतरच्या शनिवारी काचघरातच तोडणीचा कार्यक्रम ठेवला. मराठी मंडळातली ओळखीची घरं बोलावली. आम्हाला सांगितलं शुक्रवारी संध्याकाळी. "तुम्ही जरा लवकर या, क्रेट वगैरे लावायला."

आम्ही पोचलो तर माणसं आधीच आत. जयंतीने पहिल्या झाडाला हळदकुंकू लावून नारळ फोडला होता. तिची श्रद्धा, तिचं झाड तेवढ्यापुरतं. पण लोक फळं ओढून तोडत होते! मनगट पिरगाळून, हिसका देऊन. देठाशी साल फाटायची, फांदी अशी झटका खाऊन वर जायची की पुढची चार फळं खाली. एक लांब केसांची बाई माझ्या शेजारीच ओढत होती.

"अहो, कात्रीने तोडायचं असतं," मी तिला नीट सांगितलं. "देठ ठेवून. नाहीतर फळ दोन दिवसांत सडतं."

"ओह, सॉरी हं." ती बाजूला झाली. "तुम्ही इथल्या का?"

जयंती लगबगीने आली. पैठणीवर जॅकेट, हातात परडी. "मेधा, या आमच्या प्रमिलाताई. आमच्याकडे झाडांचं सगळं याच बघतात."

आमच्याकडे.

मेधा पुण्याहून नवीन आली होती, नवऱ्याच्या नोकरीवर. चेहरा उजळला तिचा. "अय्या, बरं झालं! माझ्या बाल्कनीत लिंबाची कुंडी आहे, पानं पिवळी पडतायत. तुम्ही बाहेरची कामं घेता का? तासाचं काय घेता?"

मी अरुणकडे बघितलं. तो दोन हातांवर होता. त्याने ऐकलं, मी शपथेवर सांगते त्याने ऐकलं. त्याला एवढंच म्हणायचं होतं की अगं मेधा, या पार्टनर आहेत आमच्या. चार शब्द. त्याने काय केलं? हसला. म्हणाला, "त्यांचं ते घराण्यातच आहे गं. बाबा त्यांचे नागपूरकडे संत्र्याच्या मळ्यातच होते कामाला. रक्तातच असतं या लोकांच्या."

या लोकांच्या. तिकडून पासपोर्टवर शिक्के मारून मारून हे इथवर आले आणि पिशवीत काय आणलं, तर हे.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण तोंड उघडेना. कधी कधी राग इतका मोठा असतो की दारातून निघत नाही. राजानंद क्रेट उचलत होता, तो ठेवून सरळ उभा राहिला. धम्मदीपाने माझ्याकडे बघितलं. मी कात्री घेतली आणि कोपऱ्यातल्या झाडाकडे गेले. कापत राहिले, देठ ठेवून, एकेक.

निघायच्या वेळी जयंतीने सगळ्यांना कागदी पिशव्या वाटल्या. सोनेरी रिबीन, पाटीवरचं तेच टोमॅटोसारखं संत्रं छापलेलं. मेधाला दिली, कुलकर्ण्यांना दिली, ज्यांची नावं मला माहीत नव्हती त्यांना दिली. माझ्यापाशी आली ती एका सुपरमार्केटची निळी पिशवी घेऊन.

"ताई, ही खाली पडलेली आहेत. थोडी मऊ झालीयत, पण वाया कशाला घालवायची, नाही का? तुम्ही काहीतरी कराल त्याचं."

आमच्या गावात रीत होती. झाडावरची मालकाची, खालची गड्याची. संध्याकाळी मालकीण ओसरीवरून हेच म्हणायची, ने गं पोरी, वाया कशाला घालवायची. आणि माझी आई पदर पसरायची. बाराही महिने आम्ही संत्र्यांत राहायचो आणि झाडावरून तोडलेलं फळ मी पहिल्यांदा खाल्लं ते कॉलेजात, विकत घेऊन.

जयंतीला ही रीत ठाऊक नसेल. नसेलच! कुणी शिकवायला लागत नाही, हाताला आपसूक कळतं कुणाला कुठली पिशवी द्यायची.

मी पिशवी उलटी केली. तिच्या पायाशी. फळं गडगडत खुर्च्यांखाली गेली.

"अरुण," मी म्हटलं, "इकडे ये. या लोकांना सांग ही झाडं कुणी जगवली."

"ताई, अहो, काय हे..."

"काहून, जीभ टाळूला चिकटली? बर्फात कोण होतं इथे? पानं कुणी पुसली? तू खुर्ची टाकून सॉसेज भाजत होतास तेव्हा माझी पोरगी मोज्याने खवले काढत होती! मी तुझ्यासारखीच दिवसभर लॅपटॉप बडवते, निम्मं भाडं देते, आणि ही बाई मला तासाचं विचारते आणि तू दात काढतोस?"

मेधा लाल झाली. अरुणने हात पसरले. "गंमत चालली होती हो. इतकं मनावर काय घेता? सणासुदीचे दिवस."

"गंमत! मग तुझ्या बापाचं सांग की आता, तो काय करायचा. करू या त्याचीपण गंमत."

तेव्हा मात्र त्याच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. "लिमिट ठेवा," तो म्हणाला. राजानंदने माझ्या कोपराला धरलं, ओढलं नाही, नुसतं धरलं. "चल प्रमिला." आम्ही निघालो.

रविवारी अरुणचा फोन. आवाज ऑफिसातला. "तुम्ही सगळ्यांसमोर आमचा अपमान केलात. जयंती रात्रभर रडली. मला वाटतं आता तुम्ही थोडे दिवस तिकडे न आलेलं बरं. शेवटी करार माझ्या नावावर आहे, मला जबाबदारी आहे." पुढल्या बुधवारी मी गेले तर दाराला नवं कुलूप. काचेतून आत बघितलं. फाटलेल्या फांद्या तशाच लोंबत होत्या, कुणी साफ कापल्यासुद्धा नव्हत्या. टेउन कुत्रा फिरवत होता. मी त्याला मोडक्यातोडक्या डचमध्ये सांगायला लागले. त्याने हात वर केला.

"तुमच्या भानगडीत मला ओढू नका, बाई. माझ्याकडे सही त्याची आहे."

मी सायकल वळवली आणि अख्खा बांध शिव्या देत गेले. वरूडच्या शिव्या, एकही सोडली नाही. समोरून येणारे गोरे मला 'हॅलो' करत होते.

ख्रिसमसच्या आधी पुन्हा लॉकडाउन लागला, दुकानं बंद. आणि थंडी आली. मंगळवारी सकाळी मी मीटिंगमध्ये असताना अरुणचा फोन. उचलला नाही. पुन्हा आला. उचलला.

"ताई, आज रात्री मायनस नऊ दाखवतायत."

"बघितलं मी."

"मग... तुम्ही येऊन जरा करून द्याल का? स्टोव्ह वगैरे तुम्हालाच माहीत. किल्ली टेउनकडे ठेवतो. जयंती म्हणतेय थर्मासमध्ये चहा ठेवते."

गरज सरो वैद्य मरो ऐकलं होतं. हा मेलेल्या वैद्याला चहा पाजून उठवत होता!

"येते," मी म्हटलं. "आत्ता येते, सुट्टी टाकून. पण आधी मंडळाच्या ग्रुपवर लिही. झाडं प्रमिला आणि राजानंदने जगवली, निम्मी त्यांची आहेत, आणि त्या दिवशी आम्ही त्यांना गडी म्हणून दाखवलं, ते चुकलं. एवढं लिही."

"आधी झाडं तर वाचू द्या. मग बसून बोलू ना शांतपणे."

"झाडं वाचल्यावर तू कशाला बोलशील? अंधार पडायच्या आत लिही. लिहिलंस की मी गाडीत बसलेली असेन."

"हे ब्लॅकमेल आहे, ताई."

"असू दे," म्हणून मी फोन ठेवला.

दुपारी मी फ्लीसचं पांढरं कापड, स्टोव्हच्या वाती, गोणपाट सगळं काढून दाराशी ठेवलं. दर थोड्या वेळाने ग्रुप उघडायचा. कुणाचे केकचे फोटो, कुणाची लसीची चौकशी. चारला उन्हं गेली. खिडकीच्या कडेला बाहेरून पांढरं धरायला लागलं. अरुणने तेवढ्यात कुणाच्या तरी केकला अंगठा दिला. म्हणजे फोन हातात होता.

राजानंद खोलीतून आला आणि बूट घालायला लागला.

"कुठे?" मी विचारलं.

"झाडांचा काय दोष?"

"माझा बापपण हेच म्हणायचा!" मी ओरडले. "देशमुखाने चाबकाच्या वादीने मारलं होतं त्याला, संत्र्याचा ढीग मोजण्यात चूक झाली म्हणून. त्याच हिवाळ्यात थंडी पडली, देशमुखाचा माणूस बोलवायला आला. आई म्हणाली, नका जाऊ. तो म्हणाला, झाडांचा काय दोष. गेला, आणि पहाटेपर्यंत धूर केला. बाग वाचली. देशमुखाने काय दिलं माहीत आहे? काहीच नाही. विचारलंसुद्धा नाही! त्याला ठाऊक होतं हा येणारच. यांना कायम ठाऊक असतं आपण येणारच!"

राजानंद एका पायात बूट घालून स्टुलावर बसून राहिला. मला त्या झाडांचं एकेकाचं खोड ठाऊक होतं, कुठलं वाकडं, कुठल्याला पहिल्या वर्षी डिंक आला होता. तिथे आता पारा उतरत होता आणि मी इथे हीटरला पाठ लावून उभी होते. मला जायचं होतं. इतकं जायचं होतं की मी गाडीची किल्ली धम्मदीपाच्या हातात दिली आणि म्हटलं, मी मागितली तरी देऊ नकोस.

ती म्हणाली, "ओके." मग मराठीत म्हणाली, "नाही देणार." ती मराठीत बोलली हे तिच्या लक्षात आलं नाही.

राजानंदने बूट काढला. अंधार पडला. अरुणने काही लिहिलं नाही.

सकाळी आठला राजानंदने फोन माझ्यासमोर धरला. अरुणने मंडळाच्या ग्रुपवर फोटो टाकले होते. पानं तपकिरी, उकडल्यासारखी, फांद्यांना लोंबलेली. मागे एक नवा इलेक्ट्रिक हीटर, बंद. टेउनच्या शेडचा जुना फ्यूज रात्रीच उडाला होता, हे नंतर कळलं. मातीला भेगा, म्हणजे पाणी दिलं नव्हतं. गोणपाटाचा पत्ता नाही. खाली लिहिलं होतं:

'अत्यंत दुःखाने कळवतो की काल रात्री ऑरेंजरीतली सगळी झाडं गेली. मी प्रमिलाताईंना हात जोडून विनंती केली होती. त्या आल्या असत्या तर एकही झाड गेलं नसतं, मागच्या बर्फात त्यांनीच सगळी वाचवली होती. स्वतःच्या हातांनी पोराबाळांसारखी वाढवलेली झाडं, पण अहंकारापुढे त्यांना दया आली नाही. असो.'

मी दोनदा वाचलं. मग मोठ्याने वाचलं. "बघ," मी राजानंदला म्हटलं, "लिहिलं की नाही?" आणि मला हसू आलं, घाणेरडं.

खाली रडके चेहरे येत होते. हात जोडलेले येत होते. 'व्हेरी सॅड, अरुण.' 'स्टे स्ट्राँग.' 'काही लोकांना माणुसकी नसते.' मग मेधाचा मेसेज आला, त्या लिंबाच्या कुंडीवाल्या मेधाचा.

'एक मिनिट. म्हणजे ती झाडं त्यांची होती का?'

अरुणच्या नावापुढे 'टाइप करत आहे' आलं, गेलं, पुन्हा आलं, गेलं.

माझी बोटं त्या फेब्रुवारीसारखीच गार पडली होती. मी फोन घेतला आणि एकच शब्द लिहिला.

'होती.'

मग फोन उलटा ठेवला आणि ओट्याशी उभी राहून रडले.